सतरा सीटरचं ॲव्हरेज

सापुताऱ्याच्या घाटात मी माझ्या सख्ख्या दाजींना वजन जास्त होतं म्हणून गाडीतून खाली उतरवलं, ही गोष्ट खरी आहे. पण ढकललं नाही. नातेवाइकांत ढकलल्याची जी आवृत्ती फिरते आहे ती ताईने पसरवलेली आहे. मी फक्त दार उघडून धरलं होतं आणि "दाजी, जरा पाय मोकळे करता का?" एवढंच विचारलं होतं.

हे असं का घडलं ते कळायचं तर आधी माझा आजार सांगायला हवा. मला ॲव्हरेजचा आजार आहे. लोक गाडी बघताना रंग बघतात, सीट बघतात. मी एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते ते विचारतो. डिंडोलीत आमच्या सोसायटीत माझी मोटारसायकल सत्तरचं ॲव्हरेज देते म्हणून प्रसिद्ध आहे. (देते चौसष्ट. पण लोकांचं मन मोडवत नाही.) लांबून लाल सिग्नल दिसला की मी इंजिन बंद करतो आणि गाडी नुसती घरंगळत नेतो. अशा वेळी मागे बसलेली माझी बायको मंगल विचारते, "उतरून ढकलू का?" तिला वाटतं हा टोमणा आहे. मी दोनदा हो म्हणालो आहे!

आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. पंचवीस वर्षं झाली, सुरतेत साडीच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात सुपरवायझर आहे. दिवाळीत मिल बंद झाली की आम्ही गावी जातो, चार दिवस भाऊबंदांची शेताच्या बांधावरची भांडणं ऐकतो आणि परत येतो. याला आमच्याकडे सुट्टी म्हणतात. पण त्या वर्षी जेवताना माय अचानक म्हणाली, "वसंता, माले एकदाव डोंगरमा सूर्य बुडताना देखनं शे."

माय म्हणजे माझी आई. वय पंचाहत्तर. घरात अजून आमची अहिराणीच बोलते, आणि बाहेरही तीच बोलते. समोरचा गुजराती असो की बिहारी, समजून घेणं ही त्याची जबाबदारी. वीस वर्षं तिने घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवल्या. एका साडीवर म्हणे डोंगर आणि मावळता सूर्य छापलेला होता आणि त्या सूर्याला तिने शेकड्यांनी टिकल्या लावल्या होत्या. आमच्या गॅलरीतून दिसणारा सूर्य तर शेजारच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीमागे जातो.

"इतल्या टिकल्या लावल्यात," माय म्हणाली, "आते खरा दखाड."

आता यावर कोण नाही म्हणेल? सापुतारा ठरलं. जाऊन एक मुक्काम करून यायचं. ताई आणि दाजी चाळीसगावहून यायचे होते, त्यांचा मुलगा-सून आणि नातवंडं, माझा धाकटा भाऊ, त्याचं कुटुंब. मोजता मोजता पंधरा माणसं झाली. (सगळ्यांची नावं सांगत बसत नाही. पुढे सगळे मिळून माझ्या विरोधातच होते, तेव्हा एकत्र लक्षात ठेवले तरी चालतील.)

कतारगामच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे सतरा सीटर मिळाली. त्याने दोन पर्याय दिले. एक तर किलोमीटरप्रमाणे भाडं, डिझेल त्याचं. नाही तर दिवसाचं ठरलेलं भाडं, डिझेल आमचं. कुठल्याही शहाण्या माणसाने पहिला पर्याय घेतला असता आणि सीटवर मान टाकून झोप काढली असती. मी विचारलं, "ॲव्हरेज केटलुं आपे?"

"बार तो आपे ज!" तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

मी मनात म्हटलं, याच्याकडे बारा देते, तर माझ्या देखरेखीखाली चौदा कुठे गेले नाहीत.

"डिझेल आमचं," मी म्हणालो. तो माझ्याकडे इतक्या प्रेमाने का बघतो आहे ते मला तेव्हा कळलं नाही.

आठवडाभर मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. ॲव्हरेजचे शत्रू चार: वजन, वारा, वेग आणि एसी. वजनापासून सुरुवात केली. मी एकेकाला फोन लावून वजन विचारलं. भावजयीने 'रेंज नाही' म्हणून फोन ठेवला. ताईने दहा वर्षांपूर्वीचं सांगितलं. दाजी म्हणाले, "वसंतराव, जावयाचं वजन विचारणारं सासर मी पहिल्यांदाच बघतोय." मी म्हणालो, "अंदाजे सांगा." त्यांनी फोन ताईकडे दिला. ताईने काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यात आकडा नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला गाडी सोसायटीच्या गेटवर उभी होती. ड्रायव्हर रमणभाई. साठीचा माणूस, पांढरी मिशी, बोलणं कमी. त्याने बॅगा वर टपावर चढवायला घेतल्या तसा मी ओरडलो, "टपावर नको! वारा अडतो!"

"तो क्यां मूकुं?" कुठे ठेवू, रमणभाईने विचारलं.

"मांडीवर," मी म्हणालो.

आणि मांडीवर घ्यायच्या तर कमी करायला हव्यात. मी मिलमधून ताणकाटा आणला होता. गेटच्या आकड्याला तो अडकवला आणि माणशी पाच किलो असा नियम जाहीर केला. सोसायटीतले लोक दूध घ्यायला बाहेर पडले होते ते थांबून बघायला लागले. ताईच्या पिशवीतून फराळाचे तीन डबे काढले. भावाच्या मुलांची बॅट काढली. दाजींच्या बॅगेतून इस्त्री निघाली. (डोंगरावर इस्त्री कशाला, हा प्रश्न मी विचारला. तो विचारायला नको होता.) माझी कॉलेजला जाणारी मुलगी पिंकी तेवढ्यात म्हणाली, "पप्पा, तुमची पण लावा ना काट्याला." लावली. साडेअकरा किलो! आत टायरमध्ये हवा भरायचा पंप, हवा मोजायचं मीटर, पाना-पकडीचा डबा आणि ॲव्हरेज लिहायची वही होती.

"ती तांत्रिक बॅग आहे," मी म्हणालो. सोसायटी हसली. या सगळ्यात साडेसात वाजले.

पुढची सीट दाजींची. ती मानाची सीट असते, त्यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. मी मुद्दाम ड्रायव्हरच्या बरोबर मागे बसलो, म्हणजे काट्यावर नजर राहील. रमणभाईने एसीच्या बटणाकडे हात नेला, मी तो हळूच बाजूला केला. त्याने खिडकी उघडली, मी म्हणालो, "बंद. वारा आत शिरला की गाडीला मागे ओढतो."

रमणभाईने आरशातून माझ्याकडे एकदा बघितलं. मग दाजींकडे बघितलं. दाजींनी आभाळाकडे बघितलं.

"आणि पन्नासच्या वर न्यायची नाही," मी म्हणालो.

हायवेवर पन्नासने जाणं किती अवघड असतं याची तुम्हाला कल्पना नाही. ट्रक हॉर्न देऊन जात होते. रिक्षा जात होत्या. बारडोलीच्या पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर मागून आला, थोडा वेळ आमच्या बरोबरीने चालला, आणि त्याचा ड्रायव्हर आमच्याकडे दयेने बघत पुढे निघून गेला!

"पप्पा, ऊस आपल्याला ओव्हरटेक करून गेला," पिंकी म्हणाली.

"जाऊ दे. त्याचं ॲव्हरेज विचार."

आत मात्र परिस्थिती बिकट होत चालली होती. बंद काचा, बंद एसी, पंधरा माणसं, पंधरा बॅगा मांडीवर, आणि एका डब्यातून (लपवून आणलेल्या, हे लक्षात घ्या) लसणाच्या चटणीचा वास. दाजींचा शर्ट पाठीला चिकटला. मग पोटालाही चिकटला. दर अर्ध्या तासाने त्यांना वारा घालायला गाडी थांबवावी लागली आणि तेवढ्यात मी चारही टायरांची हवा मोजून घेतली. व्याऱ्यात जेवलो. एका उतारावर मी रमणभाईच्या कानाशी वाकून म्हणालो, "आता न्यूट्रलला टाका. फुकटात दोन किलोमीटर!"

त्या माणसाने गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि पहिल्यांदाच मोठं वाक्य बोलला. "वसंतभाई, पचास बोला, मैंने पचास चलाया. एसी बंद, बंद. लेकिन उतार पे न्यूट्रल? ना. मारे घेर छोकरां छे. और तुम्हारे साथ भी चौदह आदमी बैठे हैं."

चौदाच्या चौदा आदम्यांनी टाळ्या वाजवल्या. मला अपमान वाटला, पण आज सांगतो, त्या दिवशी गाडीत एक तरी जबाबदार माणूस होता ते बरं झालं.

आहव्याला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. माय मधल्या सीटवर खिडकीशी बसली होती आणि दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न विचारत होती, "वसंता, सूर्य कव्हय बुडस?"

"सहाला, माय. पोचतो आपण."

"ट्रॅक्टर ते पोचना व्हई," माय म्हणाली.

घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा साडेचार. चढ सुरू झाला आणि गाडी दुसऱ्या गिअरवर घुरघुरायला लागली. डिझेल जळतं आहे ते मला कानाने ऐकू येत होतं! दिवसभर पाच पाच थेंब करून जे वाचवलं ते सगळं इथे चाललं होतं. आणि मग मला ती कल्पना सुचली.

"रमणभाई, थांबवा," मी म्हणालो. "दोनच किलोमीटरचा खडा चढ आहे. आपण सगळे चालू. मस्त हवा आहे, पायही मोकळे होतील. गाडी रिकामी वर जाईल आणि वळणावर चहाची टपरी आहे तिथे थांबेल."

मंगलने माझ्या कपाळावर हात ठेवला.

"अहो," मंगल म्हणाली, "तुम्ही बरे आहात ना?"

"आठशे-नऊशे किलो वजन कमी होतं, मंगल!"

खरं सांगायचं तर लोक माझ्या कल्पनेमुळे उतरले नाहीत. त्या भट्टीतून बाहेर पडायला मिळतंय म्हणून उतरले. दाजी तेवढे बसून होते. तेव्हा मी पुढचं दार उघडून धरलं आणि ते वाक्य बोललो. दाजी उतरले. माझ्याकडे न बघता उतरले. पायात लग्नाला घालतात ते चकचकीत बूट.

मायला अर्थातच गाडीत ठेवलं. ती खिडकीतून म्हणाली, "वसंता, गाडीले भार व्हस म्हनीसन जवाईले पायी चालाडस का रे?"

"व्यायाम आहे, माय."

गाडी वळणाआड गेली. एवढ्या हलक्या आवाजात गेली की माझं मन भरून आलं.

पहिला अर्धा किलोमीटर मजेत गेला. दुसऱ्या अर्ध्यात कोणाच्या तरी लक्षात आलं की पाण्याच्या बाटल्या गाडीत आहेत. मग फराळही गाडीत आहे हे लक्षात आलं. दाजींचे बूट चावायला लागले आणि त्यांनी ते काढून हातात घेतले. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून बघत होती. एका बाईने हात जोडले. आमची पदयात्रा कुठल्या देवाला चालली आहे असंही एकाने विचारलं. "डिझेलला," पिंकी म्हणाली.

सव्वापाचला टपरी आली. गाडी नव्हती.

मी टपरीवाल्याला विचारलं, "इथे एक मोठी पांढरी गाडी थांबली का?"

"थांबली नाही. गेली वर," तो म्हणाला. "रिकामीच होती. फक्त पुढच्या सीटवर एक आजी."

"पुढच्या सीटवर?" दाजी म्हणाले. इतक्या वेळात ते पहिल्यांदा बोलले होते आणि त्यांच्या आवाजात बुटांपेक्षा जास्त वेदना होती.

मी फोन काढला. रेंज नाही. कोणाच्याच फोनला नाही. आता मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. गाडी थांबली का नाही? ब्रेक तर नाही ना गेले? मायला काही झालं म्हणून दवाखान्यात तर नेलं नाही? पंचाहत्तर वर्षांच्या बाईला अनोळखी घाटात अनोळखी माणसाबरोबर मी एकटं पाठवलं होतं, आणि ते कशासाठी? मंगल नुसती माझ्याकडे बघत होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

पाऊण तास एकही गाडी थांबेना, टपरीवालाही टपरी बंद करून गेला. शेवटी खालून एक पिकअप आला. मागे लाल भोपळे. मी रस्त्याच्या मध्ये उभा राहिलो. त्या भल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, दाजींना केबिनमध्ये बसवलं आणि उरलेल्या तेरा जणांना भोपळ्यांवर चढवलं. मी मागच्या जाळीतून केबिनच्या खिडकीशी तोंड नेलं. जीव मायमध्ये अडकला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि तोंडातून प्रश्न निघाला, "चढाला काय ॲव्हरेज देतो हा?"

"भरलेला असला तर नऊ," तो म्हणाला.

"आणि रिकामा?"

"अहो!!" मंगल ओरडली. दोन भोपळे दचकून खाली गेले.

आम्ही एक वळण घेतलं आणि समोरून आमचीच सतरा सीटर उतरत आली! रमणभाई एकटा. आम्ही तेराच्या तेरा जण भोपळ्यांवर उभं राहून हात हलवायला आणि ओरडायला लागलो. रमणभाईने आमच्याकडे बघितलं, हसला, हात वर करून तितक्याच प्रेमाने हलवला आणि खाली निघून गेला. त्याला वाटलं, दिवाळीचे हौशी लोक आहेत!

"गाडीत माय नव्हती," भाऊ हळूच म्हणाला. भोपळेवाल्याने गिअर बदलला.

सूर्यास्त बघायच्या जागी आम्ही पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. गर्दी पांगत होती. डोंगरामागे नुसती लाली उरली होती. मी पिकअपमधून उडी मारली, 'माय, माय' करत धावलो, आणि थांबलो.

माय एका बाकावर बसली होती. अंगावर कोणाची तरी शाल, हातात मक्याचं भाजलेलं कणीस, दोन्ही बाजूंना दोन अनोळखी गुजराती बायका. त्या गुजरातीत बोलत होत्या, माय अहिराणीत, आणि तिघींचं मस्त चाललं होतं.

"कथा व्हतात रे तुम्ही?" कुठे होतात, मायने विचारलं. "बुडी ग्या ना सूर्य!"

"माय, गाडी टपरीवर थांबणार होती ना!"

"थांबी राह्यंता तो. मीच सांगं, चाल पुढे. यास्नी वाट देखशील ते सूर्य थांबाव नही."

मी तिच्या पायाशी खालीच बसलो. हसावं की रडावं कळेना. मंगलने तिचा हात हातात घेतला. "कसा होता माय, सूर्य?"

मायने कणीस मांडीवर ठेवलं. "भू मोठा व्हता. लाल. साडीवर छापतस तो खोटा, पिव्वा. हाऊ खरा. डोंगरले लागना, आनि गप कन बुडी ग्या." मग म्हणाली, "त्या ड्रायव्हरनी माले हात धरीसन उतारं. तो बी उभा राही देखी राह्यंता."

तर पंधरा माणसांची सहल काढली आणि सूर्यास्त बघितला दोघांनी: माय आणि रमणभाई. पण मायचा चेहरा बघून त्या क्षणी कोणालाच वाईट वाटलं नाही. दाजींनासुद्धा. ते अनवाणी उभे होते आणि मायकडे बघून हसत होते.

अर्ध्या तासाने रमणभाई आला. घामाघूम. "तमे क्यां गया हता? आजी को छोड के मैं नीचे आया. टपरी पे कोई नहीं, चायवाला भी नहीं! मुझे लगा अभी चढ रहे होंगे, तो ठेठ पायथे तक गया. वहाँ भी कोई नहीं. फिर ऊपर. फिर शंका आई, फिर आधे घाट तक नीचे. फिर ऊपर!"

सगळे त्याचे आभार मानत होते. मी बोटं मोजत होतो. "म्हणजे चढ एकूण अडीच वेळा? मग डिझेल…"

मी वाक्य पूर्ण केलं नाही. पूर्ण करायची गरजही नव्हती. चौदा चेहरे माझ्याकडे वळले होते.

दाजींनी बूट खाली ठेवले. "वसंतराव," ते अगदी शांतपणे म्हणाले, "उद्या जाताना मी चालतच येतो. उतार आहे, मला जमेल. तुमच्या गाडीला त्रास नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो तेव्हा सत्तापालट झाला होता. माझी जागा मंगलने घेतली. बॅगा टपावर गेल्या. एसी फुल्ल. वेग रमणभाईच्या मर्जीवर. मी सगळ्यात मागच्या सीटवर, माझ्या तांत्रिक बॅगेसकट. घाट उतरल्यावर पहिल्या पंपावर मी टाकी पुन्हा फुल करून घेतली, म्हणजे जातानाचा आणि येतानाचा आकडा वेगळा कळेल. (तेवढं त्यांनी करू दिलं. रुग्णाला शेवटी एखादी गोष्ट देतात ना, तसं.)

सुरतेला येऊन हिशोब केला. जाताना: एसी बंद, काचा बंद, वेग पन्नास, दाजी पायी. ॲव्हरेज साडेसहा. येताना: एसी चालू, टपावर बॅगा, वेग ऐंशी, दाजी पुढच्या सीटवर घोरत. ॲव्हरेज सव्वाअकरा!

वही मी कपाटात सगळ्यात खाली ठेवली. दुसऱ्याच दिवशी पिंकीने तिच्या पानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

परवा रमणभाईचा फोन आला. म्हणाला, "वसंतभाई, एक पार्टी है. डिझेल खुद का बोल रही है, एसी बंद बोल रही है. मेरी नहीं सुनती. आप अनुभवी हो, जरा समझाओ." आणि त्याने फोन त्या माणसाला दिला. मी त्या बिचाऱ्याला अर्धा तास सगळं सांगितलं: ऊस, भोपळे, बूट, साडेसहा, काही लपवलं नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे साहेब. पण गाडी टपरीवर थांबली असती, तर किती वाचलं असतं?"

मी त्याला म्हणालो, "एक मिनिट धरा," आणि मंगल बघत नाही ना ते पाहून कागद-पेन घेतलं.